साखरेचा दिवा

पाणी उकळलं की त्यातला हायड्रोजन वेगळा होतो आणि ऑक्सिजन वेगळा होतो, हे मी अकरावीच्या वर्गाला इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं, की मागच्या बाकावर झोपलेली पोरंसुद्धा उठून वहीत लिहायला लागली. फळ्यावर मी पातेलं काढलं होतं. पातेल्याखाली जाळ, वर दोन बाण. एका बाणाला हायड्रोजनचं नाव, दुसऱ्याला ऑक्सिजनचं. चित्र उत्तम आलं होतं. माझी चित्रकला चांगली आहे. रसायनशास्त्राचा मास्तर व्हायला नको होतं, असं बरेच जण म्हणतात ते त्यामुळेच असावं.

दारात आतार बाई उभ्या होत्या.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बाई रसायनशास्त्राच्या जुन्या, पूर्णवेळ, पक्क्या शिक्षिका. मी तासिका तत्त्वावरचा नवा. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढा पगार; पगार कधी, याबद्दल ते तत्त्व काही बोलत नाही. बाईंनी वर्गात मला एका शब्दानं टोकलं नाही. पोरांसमोर मास्तरचा पाणउतारा करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. पाणउतारा स्टाफरूममध्ये, चहाबरोबर.

मी स्टाफरूममध्ये आलो तेव्हा नामदेव मामा, आमचे शिपाई, गॅसवर चहाचं आधण ठेवून बसले होते. बाई आत शिरल्या त्या ओरडतच.

"मामा, गॅस बंद करा! आधी गॅस बंद करा!"

"का वो बाई?" मामा दचकून उठले.

"पठारे सर म्हणतात, पातेल्यातून हायड्रोजन निघतोय. ऑक्सिजनपण निघतोय. आणि खाली तुम्ही जाळ लावलाय. इतकी वर्षं आपण वाचलो कसे, हाच प्रश्न आहे."

मामांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आर्र! मंग मी रोज दोन येळा बाँब करतो व्हय?"

"आलं घातलेला," बाई म्हणाल्या आणि शांतपणे खुर्चीवर बसल्या.

त्यानंतर त्यांनी मला जे शिकवलं, ते मला बी.एस्सी., एम.एस्सी. आणि बी.एड. या तीन पदव्यांमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल; मी त्या दिवशी गाइड आणायला गेलो असेन.

"सर, तुमच्या घरी शेती आहे ना?"

"आहे."

"सामायिक विहीर?"

"आहे. चुलत्यांच्यात आणि आमच्यात."

"भांडणं?"

"रोज."

"विहीर सोडून कुणी गेलंय?"

"सोडून कसं जाईल, बाई? अर्धी विहीर उचलून नेता येते का?"

"झालं. हाच सहसंयुज बंध. दोन अणूंनी मिळून इलेक्ट्रॉनची जोडी ठेवायची. ती ह्याचीही नाही, त्याचीही नाही, दोघांची. भांडतील, पण सोडून जाणार नाहीत. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन मधे, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, आणि दोघांबरोबर त्याची एकेक सामायिक विहीर. आता सांगा, विहीर दोघांची असली तरी पाणी कुणाच्या शेतात जास्त जातं?"

"ज्याची मोटर मोठी त्याच्या."

"ऑक्सिजनची मोटर मोठी. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढून घेतो. त्याची बाजू भरलेली, हायड्रोजनची बाजू कोरडी. मग हा कोरडा हायड्रोजन काय करतो? शेजारच्या मळ्यातल्या भरल्या ऑक्सिजनकडं बघत बांधावर जाऊन उभा राहतो. रामराम घालतो. जरा टेकतो. ही झाली रेणूरेणूंतली ओढ. विहिरीच्या मानानं अगदीच कच्ची. बांधावरची ओळख म्हणा. पाणी उकळतं तेव्हा ही बांधावरची बैठक मोडते. जो तो आपापली विहीर शाबूत घेऊन उठतो आणि वाफ होऊन चालायला लागतो. विहिरी बुजत नाहीत, सर. बैठक मोडते."

मामांनी तोवर चहा गाळला होता. कप माझ्यापुढं ठेवत ते म्हणाले, "घ्या सर, बैठक मोडलेला चहा."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन फळ्यावर विहीर काढली. विहीरही चांगली आली.

आतार बाई दिसायला अगदी साध्या. बारकी चण, केस मागं घट्ट बांधलेले, ओढणी एप्रनच्या आत खोचलेली, आणि एप्रनच्या खिशात प्रयोगशाळेची किल्ली. त्यांचे वडील जत्रांमधून अत्तर, कुंकू, बुक्का विकायचे. तालुक्यातली एक जत्रा अशी नाही जिथं आतारांचं दुकान लागलं नाही. त्या घरातली ही मुलगी, पण कॉलेजात अंगाला वासाचा थेंब लावून यायची नाही. "मी दरवळले तर पोरांना अमोनिया कळणार कसा?" असं म्हणायच्या.

त्यांच्या प्रयोगशाळेचा कायदा एकच, पण फार कडक: इथं काही चाखायचं नाही. चहा नाही, शेंगदाणे नाहीत, पेनाचं टोपण तोंडात नाही. एकदा संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब बडीशेप चघळत पाहणीला आले, तर बाईंनी त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. "भाऊसाहेब, संपवून या." ज्या माणसाला अख्ख्या तालुक्यात कुणी कुठं थांबवत नाही, तो माणूस व्हरांड्यात उभा राहून बडीशेप संपवतोय, हे दृश्य बघायला आम्ही सगळे खिडकीत जमलो होतो. नोकरी कायम असलेले पुढं, तासिका तत्त्वावरचे मागं.

वडिलांचा धंदा बाईंनी सोडला नव्हता, वर्गात आणला होता. दरवर्षी त्या एक बाटली घेऊन यायच्या, टेबलावर उघडायच्या आणि सांगायच्या, "वास पोचला की हात वर करा." वास बाकाबाकानं मागं सरकायचा आणि हात शेतातल्या कणसांसारखे वर यायचे. एका वर्षी मीही शिकायला म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मला सर्दी झाली होती. पण बाईंच्या नजरेत भरायची ही संधी होती. बाटलीचं बूच निघालं आणि मी मनातल्या मनात अंदाज बांधून सगळ्या वर्गाच्या आधी हात वर केला. शिवाय डोळे मिटून, "वा, मोगरा!" असंही म्हणालो.

बाई सावकाश माझ्याकडं वळल्या.

"सर, हे ग्लिसरीन आहे. अत्तर अजून पिशवीत आहे. ग्लिसरीनचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात, की बाटलीबाहेर पडायलाच तयार नसतात. ते पुढच्या बाकापर्यंत आले नाहीत आणि तुमच्यापर्यंत पोचले, म्हणजे तुमच्यावर त्यांचा खास लोभ दिसतो."

वर्ग हसला. मीही हसलो. हसण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा पहिला हसणारा आपण असावं, हे मी त्यांच्याबरोबर काम करताना शिकलो. कारण प्रसंग वरचेवर यायचे. चष्म्याच्या काचेवरचा स्टिकरचा गोंद निघत नव्हता म्हणून मी काच ॲसिटोननं पुसली, तेव्हा गोंद निघाला आणि काचही गेली. प्लॅस्टिकची काच पांढरी, दुधासारखी झाली. बाईंनी चष्मा हातात घेतला, उजेडात धरला आणि परत दिला. "गोंद ॲसिटोनच्या नात्यातला, काचही त्याच्या नात्यातली. नातेवाईक बोलावताना कोण कोण येईल, ते आधी बघावं. पण काही बिघडलं नाही, सर. रसायनशास्त्र तुम्हाला जसं दिसतं, तसंच आता जगही दिसेल."

हसण्यासारखं नसलेलं त्यांचं एकच वाक्य मला आठवतं. उन्हाळ्यात आम्ही स्टाफरूममधल्या माठाचं पाणी पीत उभे होतो. दहावीचा निकाल लागला होता आणि आमच्याच संस्थेच्या हायस्कूलमधली हुशार पोरं एकेक करून दाखले न्यायला येत होती. कुणी नगरला, कुणी पुण्याला, कुणी लातूरला. मी सहज म्हणालो, "माठातलं पाणी काय गार होतं, बाई!"

"का होतं?"

"बाष्पीभवन."

"शब्द नको. का होतं?"

शब्द नको म्हटलं की माझ्याकडं फारसं काही उरत नाही.

"ज्या रेणूंच्या अंगात जास्त जोर असतो, ते बाकीच्यांची ओढ तोडून निघून जातात. जाताना ऊब घेऊन जातात. मागं जे उरतं ते गार." त्यांनी पेला पालथा घातला. "आपण गार पाणी आहोत, सर. पण उन्हाळ्यात लोक येऊन पितात ते हेच."

या गार पाण्यावर एकदा गदा आली.

शहरातला एक क्लास भाऊसाहेबांकडं आला. असे क्लास आता सगळीकडं आहेत. पोरांचं नाव आपल्या कॉलेजात, पोरं त्यांच्या वर्गात. हजेरी आपण मांडायची, फी त्यांनी घ्यायची. सगळ्यांचं भलं होतं. फक्त शिकवणं कुणाकडं, ते कळत नाही. या क्लासला बेलापुरात एक मोठी, पंखे असलेली, पाण्याची सोय असलेली खोली हवी होती. अशी खोली आमच्याकडं एकच: बाईंची प्रयोगशाळा.

भाऊसाहेब स्टाफरूममध्ये आले. या वेळी बडीशेप बाहेरच थुंकून आले होते.

"बाई, आता प्रॅक्टिकल कोन करतंय? सगळीकडं मार्क देत्यात, पोरं घेत्यात. तुमीच तेवढं नळ्या धुवून घेताय पोरींकडनं."

"प्रयोग केला की मार्क देते, भाऊसाहेब. धुतल्याचे वेगळे देत नाही."

"तसं न्हाई. जमाना बदललाय. एसी बसवायला मानूस बोलावलाय मी."

बाई म्हणाल्या, "ज्या मुली त्या क्लासला जाऊ शकत नाहीत, त्यांनी परीक्षानळी चित्रात बघायची का? पठारे सर काढतात चांगली."

माझी स्तुती बाईंनी माझ्या देखत केली ती एवढीच.

भाऊसाहेब माणूस वाईट नाही. लोकांपुढं आपला शब्द मोठा दिसावा, एवढंच त्यांना लागतं. त्यासाठी शब्द कुठल्याही बाजूचा चालतो. ते म्हणाले, "बरं. पालक मेळावा हाय. समद्यांपुढं एक प्रयोग करून दावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर खोली तुमची. न्हाई वाजवल्या तर एसीवाल्याची."

बाईंनी प्रयोग निवडला तो असा. एका बीकरमध्ये मिठाचं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. जुन्या सेलमधल्या कार्बनच्या दोन कांड्या, एक बॅटरी, एक छोटा दिवा. कांड्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या की दिवा लागतो. साखरेच्या पाण्यात लागत नाही. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही विरघळलेले. पण आतून वेगळे. पाणी मात्र डिस्टिल्डच हवं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार आहेत, की ते कशाचीही वाट न बघता एकटंच दिवा लावतं. बाईंनी डिस्टिल्ड पाणी स्वतः तयार केलं. प्रयोग करणार होती बारावीतली सानिका गवळी. तिच्या वडिलांचा दुधाचा धंदा, आणि क्लासच्या फीचं नाव काढलं की त्या घरात म्हशीसुद्धा गप्प व्हायच्या. तिनं सगळं निवेदन पाठ केलं होतं, स्वल्पविरामासकट.

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. इथून पुढं जे झालं, त्याचं कारण म्हणून एवढं पुरेसं आहे.

आता अडचण अशी, की भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष, तसेच साखर कारखान्याचे संचालक. प्रयोगाला साखर लागते हे त्यांच्या कानावर गेलं. प्रयोगाला चमचाभर साखर पुरते. आलं अख्खं पोतं. दिवाळीला सभासदांना साखर वाटायची सवय असलेला माणूस, त्याचा हात आखडत नाही. वर निरोप: "आपल्या कारखान्याची साखर हाय, म्हनावं. माईकवर सांगा." पोत्याला हार घालून ते व्यासपीठावर ठेवलं गेलं. पहिल्या रांगेत कारखान्याची मंडळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसली. आणि मी माईकवर सांगितलं, "आजच्या प्रयोगातली साखर, माननीय भाऊसाहेब यांच्या सौजन्यानं!"

टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांतच घोटाळा माझ्या लक्षात आला. माननीयांच्या सौजन्याची साखर, समोर सगळा कारखाना, आणि दिवा लागणार नाही. शेजारी फुटकळ मीठ, त्याला कुणाचं सौजन्य नाही, आणि त्याचा दिवा लख्ख. भाऊसाहेबांच्या तोंडचा रंग जाणार, टाळ्या जाणार, खोली जाणार. बाईंना एवढंही कसं सुचलं नाही! जगात व्यवहारज्ञान म्हणून काही असतं की नाही? ते माझ्याकडं होतं. मी टेबलाजवळ गेलो, फुलदाणी सरळ केल्यासारखं केलं आणि साखरेच्या बीकरमध्ये चमचाभर मीठ टाकून ढवळलं.

सानिकानं कांड्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या. दिवा लागला. टाळ्या. तिनं कांड्या धुतल्या, पुसल्या, साखरेच्या पाण्यात बुडवल्या.

दिवा लागला.

सानिका समोर बघत होती. पाठ केलेली मुलं खाली बघत नाहीत. खणखणीत आवाजात म्हणाली, "आपण पाहिलंत, की दिवा लागलेला नाही."

"अगं पोरी, लागलाय की!" मागून कुणी तरी ओरडलं.

"लागलाय, लागलाय!" भाऊसाहेब खुर्चीत सरसावून बसले. "लागनारच! साखर कुनाची हाय?"

मंडपात टाळ्यांचा पाऊस. कारखान्याची मंडळी उठून उभी. सानिकानं खाली पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. वर्षभर शिकलेलं एका मिनिटात खोटं ठरलं होतं, तेही वडिलांसमोर.

बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. अट पुरी झाली होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "बाई, काही बोलू नका. वाचली प्रयोगशाळा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "कुणापासून?" त्या म्हणाल्या आणि पुढं झाल्या.

"भाऊसाहेब, माफ करा. हा दिवा चुकून लागलाय."

"दिवा चुकून लागतो व्हय, बाई?" भाऊसाहेब हसत उठले. "आना तो बीकर हिकडं. मी घोट घेऊन सांगतो, आपलीच साखर हाय का न्हाई."

"चाखायचं नाही." बाईंनी बीकरवर हात ठेवला.

"आता हितं कुठं प्रयोगशाळा आली? हा तर मांडव हाय."

"बीकर आहे तिथं प्रयोगशाळा आहे." मग माझ्याकडं वळून त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "पठारे सर, मिठाचा चमचा चुकून साखरेत गेला असेल, नाही का?"

केवढी मोठी वाट काढून दिली होती त्यांनी मला! 'चुकून' म्हणजे चुकून. मान हलवायची, संपलं. पण बाईंची मृदू भाषा ऐकायची सवय नसल्यामुळे मी गहिवरलो आणि खरं बोललो.

"चुकून नाही, बाई. भाऊसाहेबांसाठी घातलं."

माईक माझ्या हातात होता. चालू होता.

ते वाक्य मंडपातून, कर्ण्यांतून, बाजारतळापर्यंत गेलं. मामा पुढं किती तरी दिवस, चहात साखर घालताना, "भाऊसाहेबांसाठी घातली," असं म्हणायचे.

बाईंनी कुणाच्याही हसण्याची दखल घेतली नाही. नवीन बीकर घेतला, आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, हाराखालचं पोतं उघडून त्यातली साखर सगळ्यांसमोर घातली, ढवळली. कांड्या धुतल्या आणि सानिकाच्या हातात दिल्या. "बुडव. आणि आता खाली बघून बोल."

तिनं बुडवल्या. दिवा लागला नाही. ती खाली बघून, हळू आवाजात म्हणाली, "दिवा लागलेला नाही." या वेळी ते पाठ केलेलं वाटलं नाही.

मंडपात एकही टाळी नाही; पोत्यावरच्या हारातली माशी ऐकू यावी. मागं कुणी तरी फिसकन हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा मला बघवेना.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मिठात दम हाय, आन् आपल्या साखरंत न्हाई?"

"उलट आहे, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "मिठात एकानं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला, म्हणून दोघं एकत्र. पाण्यात पडले की एक इकडं, एक तिकडं. हे फुटलेले कण पाण्यात हिंडतात, त्यांच्याच खांद्यावर बसून वीज पलीकडं जाते. दिवा लागतो तो फुटलेल्यांच्या जिवावर. साखरेचं तसं नाही. तिच्या रेणूत सगळ्या सामायिक विहिरी. पाणी तिला बोलावतं, चारी बाजूंनी धरतं, सगळीकडं फिरवतं. पण रेणू आतून फुटत नाही. पाण्याच्या थेंबाथेंबात जाते आणि साखरच राहते. दिवा लागत नाही, हा तिचा कमीपणा नाही."

आता हे ऐकताना भाऊसाहेबांच्या डोक्यात रसायनशास्त्र नव्हतं. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि त्यांच्या पॅनेलमधली कोण माणसं रात्री कुणाच्या ओट्यावर दिसतात, याची चर्चा गावभर होती. 'फुटत नाही' हे दोन शब्द त्यांच्या कानात शिरले आणि चेहरा बदलत गेला. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. तो माझ्या हातून कुणी तरी काढून घ्यावा, अशी तोवर सगळ्यांचीच इच्छा होती.

"ऐकलं का, मंडळी? साखर पान्यात जाती, पन फुटत न्हाई! आपलं पॅनेल कसलं हाय? साखरंचं हाय! दिवा लागला न्हाई, वाजवा टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. न लागलेल्या दिव्याला एवढ्या टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. पहिल्या रांगेतले दोघंतिघं मात्र हात खिशात घालून बसले होते.

परतताना मी म्हणालो, "बाई, जिंकलो आपण! भाऊसाहेबांना पटलं."

"त्यांना घोषणा पटली. साखर तापवली तर काय होतं, ते सांगायचं राहूनच गेलं."

"काय होतं?"

बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी उरलेल्या वाटेवर चहाच्या गोष्टी काढल्या. मग घरी जाऊन कढईत साखर तापवली. ती वितळली, पिवळी झाली, तपकिरी झाली, आणि मग आतल्या विहिरींसकट सगळं कोसळून काळी ठिक्कर पडली. कढई अजून आहे. बायको ती पाहुण्यांना दाखवते.

निवडणूक तापली आणि भाऊसाहेबांचं पॅनेल फुटलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या ते तर गेलेच. ज्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या होत्या तेही गेले. बातमी ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "मी नुसतं पाण्यात घालून दाखवलं होतं. तापवा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

शब्द मात्र भाऊसाहेबांनी पाळला. म्हणजे निम्मा पाळला. प्रयोगशाळेच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. पलीकडं एसी आणि क्लास, अलीकडं बाई आणि नळ्या. विजेचं कनेक्शन एकच. पलीकडचा एसी लागला, की अलीकडचे पंखे पेंगायला लागायचे. "सामायिक विहीर," बाई घाम पुसत म्हणायच्या. "मोटर त्यांची मोठी." पण प्लायवूडच्या फटीला कायम एखादा डोळा लागलेला असायचा. पलीकडच्या पोरांना अमोनियाचा वास यायचा आणि तो कुठून येतो, हे त्यांना एसीत बसून कळत नव्हतं. बाईंनी ती फट कधी बुजवू दिली नाही. सानिका तोवर श्रीरामपूरला बी.एस्सी.ला गेली होती, विषय रसायनशास्त्र. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, तुमच्यामुळं तो प्रयोग जन्मात विसरणार नाही." हे कौतुक होतं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ याच अर्ध्या खोलीत झाला. भाऊसाहेब आले. पॅनेल नव्हतं, तरी पांढरे कपडे होते. "त्यो साखरंचा दिवा हुं द्या की एकदा," ते म्हणाले. आवाजात पूर्वीचा कर्णा नव्हता.

प्रयोग माझ्याकडं आला. मी डिस्टिल्ड पाणी घेतलं, साखर घातली, ढवळली, हात सगळ्यांना दिसतील असे वर ठेवले. कांड्या बुडवल्या. दिवा लागला नाही. खोलीत टाळ्या झाल्या. प्लायवूडच्या पलीकडूनही झाल्या.

लोक पांगले. बाईंनी एप्रन काढून त्याची घडी घातली, खिशातली किल्ली माझ्यापुढं ठेवली. मग टेबलाशी आल्या, बीकरकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जे कुणाला करू दिलं नव्हतं ते केलं. पाण्यात करंगळी बुडवून जिभेला लावली.

"बाई! प्रयोगशाळेत?"

"मी आता बाहेरची बाई." त्यांनी पेपर तपासताना व्हायचा तसा चेहरा केला. "मीठ नाही," त्या म्हणाल्या. "प्रगती आहे."

आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी खिडकीतून पाहिलं. व्हरांड्यात मामांनी काही तरी विचारलं, बाई हसल्या, माठाचं पाणी प्यायल्या. मग दिसेनाशा झाल्या. खोलीत मी एकटाच. समोर बीकर, शेजारी किल्ली. माझ्या मनात आलं, बाईंना नेमकं काय लागलं असेल? मी इकडं तिकडं बघितलं आणि बोट बुडवायला हात पुढं केला.

"तुम्ही अजून नोकरीत आहात, सर."

दारात आतार बाई उभ्या होत्या. छत्री विसरली म्हणून परत आल्या होत्या.